‘पुन्हा पाहा’ हा पेन्सिलीतला शेरा रद्द समजण्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव,
संशोधन विभाग, विद्यापीठ कार्यालय.

मार्फत : मार्गदर्शक प्राध्यापक, तत्त्वज्ञान विभाग.

विषय : प्रबंधावर मार्गदर्शकांनी पेन्सिलीने लिहिलेला ‘पुन्हा पाहा’ हा शेरा रद्द समजून प्रबंध दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. २ मार्च (‘त्रुटीपूर्ततेसाठी प्रबंध परत’).

महोदय,

मी तत्त्वज्ञान विभागाची संशोधक विद्यार्थिनी असून माझे पीएच.डी.चे हे नववे वर्ष आहे. कमाल मुदत ३१ मार्च रोजी संपते. तोपर्यंत प्रबंध दाखल न झाल्यास नोंदणी कायमची रद्द होते, हे टेबल क्रमांक तीनवरच्या बाईंनी मला इतक्या वेळा सांगितले आहे की आता त्यांनी तोंड उघडायच्या आतच मी मान डोलावते. सबब खालील हकीकत सादर करते.

१. प्रबंधाचा विषय क्वांटम गुरुत्वाकर्षणातील काळाचा प्रश्न हा आहे. या सिद्धांताच्या मूळ समीकरणात काळ कुठेच येत नाही. मग आपल्याला जाणवतो तो काळ आला कुठून? माझे उत्तर असे की, विश्वातल्याच एखाद्या गोष्टीला घड्याळ मानावे आणि बाकीचे सगळे तिच्याशी ताडून पाहावे. त्या ताडण्यातूनच काळ निघतो. भौतिकशास्त्र विभाग म्हणतो, हे तत्त्वज्ञान आहे. तत्त्वज्ञान विभाग म्हणतो, यात गणित फार आहे. आई शेजारणींना सांगते की मुलगी घड्याळावर काहीतरी करते. दादा म्हणतो, जिच्या लेखी काळच नाही तिला काळवेळ कुठली कळायला!

२. माझ्या मार्गदर्शकांची (यापुढे ‘सर’) पद्धत साऱ्या विभागाला ठाऊक आहे. ते चूक दाखवत नाहीत. समासात पेन्सिलीने ‘पुन्हा पाहा’ एवढेच लिहितात आणि कागद परत करतात. चूक कुठे आहे, मुळात आहे की नाही, हे विचारायची सोय नाही. विचारले की ते चष्मा पुसत बसतात. चौथ्या वर्षी चर्चासत्रात मी चाळीस मिनिटे खपून फळा भरला. सरांनी उठून स्वतः डस्टर घेतले, माझ्यादेखत फळा पुसला, कोपऱ्यात तेच दोन शब्द लिहिले आणि चहाला निघून गेले. वरची एक ओळ तेवढी पुसायची राहिली होती. त्यांचा हात पोचला नसावा असे मी धरले. मागची पोरे हसली. मीही हसले, कारण रडले असते तर ती आणखी हसली असती.

३. गेल्या सप्टेंबरात सरांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली आणि उजवा हात गेला. खरे सांगायचे तर बातमी कळताच माझ्या मनात पहिला विचार आला तो ‘आता सहीचं काय?’ हा. दुसराही तोच होता. पुढे सर डाव्या हाताने पेन्सिल धरू लागले, पण लिहितात ते फक्त तेच दोन शब्द: दुधाच्या चिठ्ठीवर, औषधाच्या कागदावर, त्यांच्या पत्नीने (यापुढे ‘काकू’) लग्नाच्या वाढदिवशी दिलेल्या कार्डावरसुद्धा. काकू म्हणतात, त्यांना सगळं कळतं. डॉक्टर म्हणतात, किती कळतं ते सांगता येत नाही.

४. जानेवारीत मी प्रबंध सरांच्या घरी नेऊन दिला. तीन दिवसांनी तो परत मिळाला. एकूण २८६ पानांपैकी २८६ पानांवर ‘पुन्हा पाहा’. त्यात अनुक्रमणिका आली, कोरे पान आले आणि मी त्यांचे आभार मानले आहेत ते पानही आले. प्रबंधासोबत मार्गदर्शकांनी भरून द्यायच्या सहीच्या नमुन्यावर सहीच्या जागी तेच. नियम १४ प्रमाणे मार्गदर्शकांचा हस्ताक्षरातील शेरा बंधनकारक असल्याने आपण प्रबंध परत पाठवलात. मार्गदर्शक बदलून मागितला, तर सध्याच्या मार्गदर्शकांची लेखी ना हरकत हवी. ना हरकतीवर काय लिहून आले असेल ते आपण ओळखलेच असेल. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, माझ्या लग्नात विघ्न एकच आहे पण ते २८६ वेळा आले आहे.

सर आजारपणामुळे अक्षम आहेत असा दाखला मिळाला तर शेरा रद्द होऊ शकतो, असे टेबल तीनवरून कळले. त्यासाठी घरच्यांची संमती लागते. काकू म्हणाल्या, “तुझ्या पदवीपायी मी माझ्या माणसाला खुळा ठरवू?” मी म्हणाले, फक्त कागदावर. त्यांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. मी तो अजून प्यायले नव्हते.

५. आता लपवून काय उपयोग! दि. ५ मार्च रोजी काकू आत भांडी लावत असताना मी सरांच्या निर्जीव उजव्या हातात पेन दिले, वरून माझी मूठ धरली आणि सहीचे पहिले अक्षर काढले. जुन्या कागदांवरून मी त्याचा सराव केला होता. हात थंड असेल असे मला वाटले होते. तो उबदार होता. सर माझ्याकडे बघत होते. काकू दारात येऊन म्हणाल्या, “हात सोड त्यांचा.” मी सोडला तेव्हा तो खुर्चीच्या दांड्यावर दाणकन आपटला. त्यांना काही लागले का, हे मी विचारले नाही. मी नमुना उचलला आणि निघाले.

तरी सदर शेरा आजारी माणसाचा, अर्थहीन व सरसकट मारलेला आहे असे समजून तो रद्द करावा, ही नम्र विनंती.

(येथपर्यंतचा मजकूर दि. ७ मार्चचा. अर्जाचा कोरा नमुना एकाला एकच मिळतो, म्हणून पुढचे त्याच कागदावर लिहीत आहे.)

६. शेरा अर्थहीन असल्याचा पुरावा जोडावा म्हणून मी कोणतीही दहा पाने निवडली. प्रत्येक पान खरोखरच पुन्हा पाहायचे आणि ‘चूक आढळली नाही’ अशी नोंद करायची, असे ठरवले. सहा पाने बिनचूक निघाली. सातवे पान ११२ होते.

त्या पानावर मी विश्वाच्या आकारमानाला घड्याळ मानले आहे, कारण ‘ते वाढतच जाते, मागे फिरत नाही’. वाढत जाते म्हणजे कशाशी ताडून? मागे फिरत नाही हे कोणी, कशावर मोजले? काळावर! जो सिद्ध करायचा तोच मी मागच्या दाराने घरात घेतला आणि पुढच्या दारात उभी राहून त्याची वाट पाहिली. पुढची तिन्ही प्रकरणे या एका वाक्यावर उभी आहेत. म्हणजे ती पडली.

हीच ती फळ्यावर पुसायची राहिलेली ओळ. सर सहा फूट उंच आहेत.

त्यांना तेव्हाच दिसले होते. एक वाक्य बोलले असते तर माझी पाच वर्षे वाचली असती. मेल्या माणसाने तोंड उघडले नाही, आणि आता त्याला ते उघडता येत नाही. असे लिहिल्याबद्दल क्षमा मागायला हवी, पण ती मी मागत नाही.

७. ही चूक परीक्षकांच्या लक्षात आली नसती. आपल्याही आली नसती, राग मानू नये. मी तीन दिवस गप्प राहून पाहिले, पण ते पान डोळ्यांपुढून हलेना. दुरुस्तीला दोन वर्षे लागतील, माझ्याकडे दोन आठवडे आहेत. सबब वरील विनंती मी मागे घेत आहे. प्रबंध परत घेण्यास व माझी नोंदणी रद्द करण्यास परवानगी मिळावी.

८. कोणताही अर्ज मार्गदर्शकांमार्फतच यावा लागतो. म्हणून दि. १३ रोजी पुन्हा सरांच्या घरी गेले. काकू दार उघडून बाजूला झाल्या. मी हा अर्ज दोघांसमोर पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला, परिच्छेद ३ व ५ सुद्धा. काकू भिंतीकडे बघत होत्या.

मी आशेने गेले होते, हे कबूल करते. सरांनी यावरही ‘पुन्हा पाहा’ लिहिले असते, तर नियम १४ प्रमाणे हा अर्जही परत आला असता. मग मी म्हणाले असते की म्हातारा सगळ्यावरच लिहितो, पान ११२ काय नि दुधाची चिठ्ठी काय. पहिल्या विनंतीसाठी मी पुन्हा आपल्या दारात उभी राहिले असते. मी स्वतः पेन्सिल पुढे केली.

सरांनी पेन्सिल बाजूला ठेवली. माझ्या पर्समधल्या पेनाकडे बोट केले. मग डाव्या हाताने, सावकाश, अर्जाच्या तळाशी संपूर्ण सही केली आणि खाली तारीख घातली. तारीख बरोबर आहे. कागद माझ्या हातात दिला आणि सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसू लागले.

मी लिहिलेला कागद त्यांनी शेरा न मारता पुढे पाठवला, असे नऊ वर्षांत प्रथमच घडले आहे. कृपया सही तपासून घ्यावी.

आपली, ३१ मार्चपर्यंत विद्यार्थिनी,
(सही)
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१. प्रबंध, पाने २८६, सर्व शेऱ्यांसह.
२. ना हरकतीचा नमुना, शेऱ्यासह.
३. सहीचा नमुना. त्यावरील शाईतले पहिले अक्षर माझे आहे.

मार्गदर्शकांमार्फत रवाना :
(सही)
१३ मार्च