गोधड्यांची चळत

आई,

हे पत्र पाठवलं तर तुमची लेक, माझी नणंद झूरा, शेजारणी जमवून ते मोठ्यानं वाचेल. तुम्हाला वाचता येत नाही आणि तिला गप्प बसता येत नाही. म्हणून पाठवणार नाही.

तुमच्या नातीचा, आयझिरेकचा, खोकला थांबला.

तिला धाप लागली की तुम्ही आर्चाच्या झाडाची फांदी पेटवून तिच्यावरून धूर फिरवायचात, दृष्ट काढायचात. नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी धूर बंद करायला सांगितलं आणि मी ते भर पाहुण्यांत तुम्हाला ऐकवलं, "माझ्या पोरीचा जीव घ्याल तुम्ही!" तुम्ही चहाची वाटी खाली ठेवलीत. "बरं बाई, धूर आणि मी, दोघंही जातो." सकाळी झूराकडे निघून गेलात.

खोकला मात्र तसाच राहिला.

डॉक्टरीणबाई आणखीही एक बोलल्या होत्या. भिंतीशी रचलेल्या लोकरीच्या गोधड्या हलवा, त्यांतल्या धुळीनंही होत असेल. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. गोधड्या माझ्या माहेरच्या होत्या. आपल्याकडे आलेली बाई आधी चळतीची उंची बघते, मग सुनेचं तोंड. आणि पोर त्याच चळतीच्या पायथ्याशी झोपायची.

शेवटी मागच्या आठवड्यात मी त्या सगळ्या कोठीत नेऊन टाकल्या. भिंत ओकीबोकी दिसते. आयझिरेक तिथं लोळून आली आणि म्हणाली, "आता आजीला झोपायला जागा झाली ना?"

तुमची म्हणवून घ्यायचं तोंड नसलेली,
मेरिम