पिवळ्या चिठ्ठीचे उंदीर

प्रिय डॉक्टरीणबाई,

अजून झाली नाहीस, ठाऊक आहे मला. पण मी हाक मारायला शिक्का कशाला लागतो? काल तू सरांशी फोनवर बोललीस ते मी पिंजरे पुसता पुसता ऐकलं. चोरून नाही ऐकलं, कान आहेत म्हणून ऐकलं. सोमवारी तू त्यांना लिहून देणार, की हे औषधी पान कुचकामी निघालं, तीन वर्षं वाया गेली, आता दुसरा विषय द्या. तेव्हापासून माझ्या घशाखाली चहा उतरत नाहीये. मी चहा सोडला म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय ते तूच समज.

समोर बोलायला गेले की तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातही मास्तर दुपारनंतर झोपायचे. चुका पोटात घाल.

पुढे तू रागावशील, म्हणून आधी कौतुक करून घेते. अकरा वर्षं मी या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुतेय. शिकायला येणारी पोरं उंदीर असा धरतात, जणू तोच त्यांची परीक्षा घेणार आहे. तू पहिल्याच दिवशी त्याला तळहातावर घेतलंस, कानामागून बोट फिरवलंस आणि मग औषधाची नळी घशात घातलीस. त्या दिवशी मी तुझी झाले. पानं तू स्वतः धुतेस, सावलीत पसरतेस, एकेक उलटून बघतेस. मी म्हटलं, नवरा करतानासुद्धा मी इतकं पारखलं नव्हतं गं. तर म्हणालीस, म्हणूनच माझं लग्न लांबतंय मावशी.

आणि तूच एकटी, जिने मला हे सगळं समजावून सांगितलं. बाकीच्यांना वाटतं मावशीला भुसा आणि झाडू कळला की पुष्कळ झालं. तू सांगितलंस, की जालीम औषधं पोटात गेली की आत ठिणग्या उडतात, त्यांचे चटके यकृताला आणि मूत्रपिंडांना बसतात. पानातलं द्रव्य त्या ठिणग्या विझवतं. त्याचं ते लांबलचक इंग्रजी नाव मला येईना, म्हणून मी त्याला ठिणगीविझव्या म्हणायला लागले, आणि तूही सरांपुढे एकदा तेच बोलून गेलीस. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मग गुडघ्यासाठी रस मागितला, तर केवढी ओरडलीस. उंदरावर चाललं म्हणून माणसावर चालत नाही, असं काही पिऊन आलात तर पिंजऱ्यात कोंडेन. मी प्यायले नाही हो. तुझी शपथ.

प्रयोग तीन आठवड्यांचा, पिंजरे तीन. पांढऱ्या चिठ्ठीवाल्यांना नुसतं पाणी. हिरव्यांना जालीम औषध आणि वर पानाचा रस. पिवळ्यांना नुसतं औषध. त्यांनी आजारी पडायचं, एवढंच त्यांचं काम. नाही तर हिरवे वाचले हे कशावरून म्हणायचं? हे मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही.

पण चार दिवसांत पिवळ्यांची लव विस्कटली. खाणं सुटलं. त्यांतला जो सगळ्यात थोराड होता, ज्याला मी सासूबाई म्हणायचे कारण तो चावायचा, तो चावेनासा झाला. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागला.

आमचे हे असेच बसायचे. तुला मी त्यांचे फक्त विनोद सांगितलेत. ट्रक चालवून कंबर गेली होती, तर दुखणं थांबवायच्या गोळ्या वर्षानुवर्षं शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. मग पाय सुजले, अन्नावरची वासना गेली, आणि भिंतीकडे तोंड. मी खिजवायचे, भिंतीशी काय बोलताय, बायको इकडे आहे. ते हसायचेही, वळायचे मात्र नाहीत. मूत्रपिंडं गेली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांना द्यायला माझ्या हातात काहीच नव्हतं.

तर आता ऐक. या वेळी माझ्या हातात पानं होती. तू रस काढल्यावर उरलेली, टोपलीतली. तू संध्याकाळी टिपणं लिहायला वर गेलीस की मी ती पिवळ्यांच्या पिंजऱ्यात सारायचे. रोज, तीन आठवडे संपेपर्यंत. पानं सुरू केल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सासूबाई मला पुन्हा चावली आणि मी वेडी खूश झाले. पिवळ्यांचं यकृत आणि मूत्रपिंडं हिरव्यांसारखीच का निघाली म्हणून तू टेबलावर डोकं ठेवून बसलीस, ती माझ्यामुळे. तुझं पान खोटं नाही पोरी. पिवळ्यांनीही तेच खाल्लं होतं. हा कागद सोमवारी सरांपुढे ठेव, माझ्या सहीसकट. मला काढून टाकतील तर टाकू देत, पण तुझा विषय सोडू नकोस. नवे उंदीर आण, पुन्हा पहिल्यापासून कर. मला ठेवलंच, तर मी भुसा बदलेन, पाणी भरेन आणि पिवळ्यांना काही देणार नाही. हे मला जमेल की नाही, खरंच सांगता येत नाही. म्हणून पानांच्या कपाटाला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव. मी कितीही गोड बोलून मागितली तरी देऊ नकोस.

तुझीच, ओरडा खायला तयार बसलेली,
पिंजरेवाली मावशी