हडलमधला सर्वांत धाकटा

८ सप्टें., रवि.
टायलरचा, आमच्या अमेरिकन क्वार्टरबॅकचा, गुडघा गेला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये. मी साइडलाइनला त्याची पाण्याची बाटली धरून उभा होतो. कान्तोकु, म्हणजे आमचे मुख्य कोच, वळून एवढंच म्हणाले, "आमे, हेल्मेट." आमे म्हणजे मी. ज्या क्षणाची एप्रिलपासून वाट बघत होतो तो असा आला, आणि माझ्या डोक्यात काय, तर शू लागलीय.

पहिला पास बरा. दुसरा जमिनीवर. तिसरा थेट समोरच्या टीमच्या हातात, अगदी कुरियरने पाठवल्यासारखा. हरलो.

ग्योतोकुला आई-बाबांच्या घरी दीड दिवसाच्या गणपतीचं बादलीत विसर्जन झालं. बाबांनी फोटो पाठवला. उत्तर दिलं नाही.

९ सप्टें., सोम.
ऑफिस. आमची टीम म्हणजे कंपनीची अमेरिकन फुटबॉलची टीम. एकट्या टायलरला खेळायचे पैसे मिळतात, बाकी सगळे सोम ते शुक्र कावासाकीत बसून सेन्सर विकतात. माझं डेस्क ओगाता-सानच्या शेजारी. (पुढे ओ.सा. दर वेळी एवढं लिहायचा कंटाळा.) ऑफिसात ते माझे साहेब, मैदानावर टीमचे कॅप्टन आणि रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. वय छत्तीस. मी तेवीस. खोली त्यांनी शोधून दिली, फ्रिज त्यांच्या घरचा जुना.

सकाळी माझ्या टेबलावर कॅनमधली कॉफी ठेवून म्हणाले, "कालचं विसर. रिपोर्टमधली तिसरी ओळ चुकलीय."

११ सप्टें., बुध.
कान्तोकुंनी बोलावलं. टायलर या सीझनला नाही. नवीन अमेरिकन आणायचा की नाही ते कंपनी महिन्याभराने ठरवेल. "तोवर तीन मॅच तुझ्या. जमलं तर क्यूबी तूच. नाही जमलं तर तू डिफेन्सला."

डिफेन्सला गेलेला पोरगा परत क्यूबी, म्हणजे पास टाकणारा क्वार्टरबॅक, होत नाही. मी एकही पाहिला नाही. कोबेला युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षी मैदान झाडायचो, सीनियरांचे पॅड धुवायचो, तेव्हापासून दुसरं काही हवंसं वाटलेलं नाही. मला डिफेन्सला जायचं नाही. नाही म्हणजे नाही.

(लॉकर रूममध्ये लिहितोय. निशी डोकावून म्हणाला, "ही अक्षरं दोरीवर वाळत घातलीत का?" निशी माझ्याच बॅचचा, तोही रिसीव्हर. कोणाला वाचता येत नाही ते किती बरं.)

१८ सप्टें., बुध.
प्रॅक्टिस. हडलमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लेआधीच्या घोळक्यात, दहा जण माझ्या तोंडाकडे बघतात. सगळे मोठे, निशी सोडला तर. मी प्ले, म्हणजे कोणी कुठे पळायचं ते, सांगतो आणि शेवटी नकळत "चालेल ना?" असं बघतो. मला बॉल देणारे सेंटर मोरी-सान म्हणाले, "अरे, विचारू नकोस, सांग." मी लगेच सॉरी म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला.

२२ सप्टें., रवि.
हरलो. दोन पास समोरच्यांनी पळवले. दोन्ही ओ.सां.कडे टाकताना.

मॅचनंतर हान्सेइकाई. म्हणजे सगळ्यांनी गोल उभं राहून एकेकाने आपापली चूक सांगायची आणि वाकायचं. मी म्हणालो, "पास उशिरा सोडला." ओ.सा. म्हणाले, "मी चुकीच्या बाजूला वळलो, आमेचा दोष नाही." मोरी-सान म्हणाले, "आम्ही त्याला वेळच दिला नाही." गोल पूर्ण होईपर्यंत सगळ्यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. ऐकायला इतकं छान वाटत होतं की आपण हरलो का तेच कळेना.

घरी येऊन आंघोळही न करता पडलो. दोन मॅच राहिल्या.

२५ सप्टें., बुध.
कान्तोकुंबरोबर एकट्याने व्हिडिओ. त्यांनी चित्र थांबवलं. "डावीकडे कोण?"
"निशी."
"त्याच्या आसपास?"
"कोणी नाही."
"आणि तू बॉल कुठे टाकलास?"
पडद्यावर ओ.सा. हात वर करून धावताहेत आणि त्यांना दोघे चिकटलेत.

मग दुसरा प्ले, तेच. तिसरा, तेच.

कोबेला चौथ्या वर्षाच्या पोराने हात वर केला की पहिल्या वर्षाच्याने बॉल टाकायचा, तो मोकळा असो नसो. नाही टाकला तर सगळ्या बॅचला मैदानाला चकरा. माझ्या खांद्याला तीच सवय आहे, डोक्याला विचारतच नाही तो. त्यात घरचं वळण: मोठ्यांनी मागितलं की द्यायचं, तोंड वर करून बोलायचं नाही. आई हे लोकांना कौतुकाने सांगते.

आणि लिहूनच टाकतो: ओ.सां.चे पाय गेलेत. ते आता समोरच्याला मागे टाकून सुटत नाहीत. कान्तोकुंना माहीत आहे, मोरी-सानना माहीत आहे, पाणी देणाऱ्या बाईंनाही माहीत असेल. कोणी बोलत नाही. कॅप्टन आहेत, दहा वर्षं ही टीम त्यांनी ओढली.

कान्तोकु म्हणाले, "मैदानात सेन्पाई नसतो." म्हणजे कोणी सीनियर नाही. मग ते स्वतः ओ.सां.ना का सांगत नाहीत? तर ओ.सा. कान्तोकुंनाही युनिव्हर्सिटीत दोन वर्षं सीनियर होते. हे निशीने सांगितलं.

२८ सप्टें., शनि.
प्रॅक्टिसनंतर ग्योतोकु. आईने थालीपीठं केली होती. मी सगळं बोलून टाकलं.

आई : "म्हणजे तू बॉल टाकणारा, आणि तो कोणाला टाकायचा ते तू ठरवायचं. मग अडलंय कुठे?"
बाबा : "अगं, तो त्याचा साहेब आहे."
आई : "खेळात पण?"
बाबा : "इथे सगळ्यातच."

मग बाबा मला म्हणाले, "मी इथे चौदा वर्षांत साहेबाला एकदाच नाही म्हणालो." काय झालं विचारलं. "काही नाही झालं. सगळे फार गोड वागले. पुढच्या प्रोजेक्टला माझं नाव नव्हतं."

धीर द्यायला सांगितलं की घाबरवायला, देव जाणे. तोझाई लाइनच्या गाडीत उभ्या उभ्या रडू येत होतं. शेजारच्या आजोबांनी जागा देऊ केली, आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ ऑक्टो., बुध.
ठरवलं. रविवारी उजवीकडे टाकायचंच नाही. ओ.सा. उजवीकडे असतात. स्नॅपच्या, म्हणजे बॉल हातात यायच्या, आधीच ती बाजू डोक्यातून पुसायची. आज तसं करून पाहिलं. नऊपैकी आठ पास लागले. निशी उड्या मारत होता. ओ.सां.नी टाळ्या वाजवल्या, "छान, छान." मला त्यांच्याकडे बघवेना.

६ ऑक्टो., रवि.
झोपायला हवं. तरी लिहितो.

चार पॉइंट मागे. शेवटचा प्ले, टचडाउन झाला तर जिंकलो. हडलमध्ये पहिल्यांदा मी विचारलं नाही, सांगितलं. मोरी-सान "ओस" म्हणाले, म्हणजे हो. बॉल आला. डावीकडे निशी, त्याला दोघे लागलेले. उजवीकडे ओ.सां.चा हात वर गेलेला दिसला. दिसला. मी निशीकडेच टाकला. कोणाचं तरी बोट लागून बॉल खाली पडला.

मला कोणीतरी आडवं केलं होतं. उठून बघतो तर ओ.सा. एंड झोनमध्ये एकटे उभे. वीस पावलांत दुसरं माणूस नाही. सगळी डिफेन्स निशीच्या मागे गेलेली, कारण दिवसभर मी फक्त निशीकडे टाकत होतो.

या सीझनमध्ये पहिल्यांदा ते मोकळे होते.

हान्सेइकाईत मी म्हणालो, "उजवी बाजू दिसली नाही." खालीपर्यंत वाकलो. ओ.सा. म्हणाले, "मी ओरडायला हवं होतं."

७ ऑक्टो., सोम.
टेबलावर कॉफी होतीच. प्यायलो नाही. प्यायलो नाही हे त्यांना दिसेल म्हणून मग प्यायलो. दिवसभरात तीन वाक्यं बोललो असू, तिन्ही सेन्सरबद्दल.

मी याआधी चुकत होतो ते भिडेपायी. काल चुकलो ते ठरवून. कुठलं जास्त वाईट, मला कळत नाही. मला काहीच जमत नाही असं वाटतंय. आईचा फोन दोनदा वाजू दिला.

९ ऑक्टो., बुध.
प्रॅक्टिसला कान्तोकु सगळ्यांसमोर म्हणाले, रविवारचा क्यूबी अजून ठरलेला नाही. निशी हायस्कूलमध्ये क्यूबी होता, त्याच्याकडूनही पास टाकून घेतले. बरे टाकतो मेला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कॅप्टनचं मत विचारलंय. ते म्हणतील तसं."

म्हणजे ओ.सा. म्हणतील तसं. निशी जाताना म्हणाला, "मला नकोय रे ते." मला माहीत आहे त्याला नकोय. मला हवंय. इतकं हवंय की लाज वाटते.

१० ऑक्टो., गुरु.
जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच बदलेन.

दुपारी ओ.सां.नी जिन्याजवळ बोलावलं, कॉफीच्या मशीनपाशी.
"कान्तोकुंनी मला विचारलंय."
"हो."
"संध्याकाळी सांगणार आहे. त्याआधी एक सांग. त्या प्लेला मी दिसलो होतो का?"

नाही म्हणणं सोपं होतं. रविवारी म्हटलंच होतं. हान्सेइकाईत जे बोललं जातं ते परत कोणी उकरत नाही, तसा रिवाजच आहे. नाही म्हटलं असतं तर ते "बरं" म्हणाले असते, आणि मी खेळलो असतो. बहुतेक.

म्हणालो, "दिसलात."
"मग?"
"तुमच्याकडे टाकायचा नाही असं आधीच ठरवलं होतं."
"का?"
"सीझनभर तुम्ही सुटला नाहीत. कोणी सांगत नाही, म्हणून... या वेळीही सुटला नसाल असं धरून चाललो. बघितलं, पण बघितलं नाही."

साहेबाला हे बोललो. भर ऑफिसात, गळ्यात कंपनीचं आयकार्ड लटकवून.

ते एवढंच म्हणाले, "सोऊ का," म्हणजे असं होय. कॅन उलटा करून उरलेले थेंब झटकले, कॅनच्या डब्यात टाकला आणि मीटिंगला गेले. मी तिथेच उभा. मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटतं. अजिबात नाही.

११ ऑक्टो., शुक्र.
ओ.सा. रजेवर. सीझनमध्ये ते कधी रजा घेत नाहीत. टेबलावर कॉफी नाही. नसणारच.

बाबांना फोन केला, काय बोललो ते सांगितलं. बाबा म्हणाले, "बापरे." मग थोड्या वेळाने, "बरं केलंस," पण आवाजात दम नव्हता. मग म्हणाले, "जेवलास का?"

१२ ऑक्टो., शनि. दसरा
शेवटची हलकी प्रॅक्टिस. संपल्यावर कान्तोकुंनी उद्याची नावं वाचली. पुढची फळी तीच. रिसीव्हरमध्ये ओगाता-सानचं नाव नाही.

कान्तोकु कागदातून वर न बघता म्हणाले, "त्यांनी स्वतः काढायला सांगितलं. क्यूबी उद्या सकाळी वॉर्मअप बघून ठरेल. आमे किंवा निशी."

माझ्याबद्दल ओ.सा. काय म्हणाले ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

सगळे मैदानाला वाकून निघाले. ओ.सा. नवीन पोरांबरोबर मैदानावरचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होते. कॅप्टन, आणि कोन गोळा करताहेत. मी दोन कोन उचलून धावत गेलो, "ओगाता-सान, मी त्या दिवशी..."
"माफी मागू नकोस. मागितलीस तर खरंच राग येईल."
त्यांनी माझ्या हातातले कोन आपल्या ढिगावर ठेवले. "माझ्या बायकोने गेल्या वर्षीच थांब म्हणून सांगितलं होतं," म्हणाले. "ती रिसीव्हर नाही, म्हणून ऐकलं नाही." हसले, पण डोळे लाल होते. मग, "सोमवारी रिपोर्ट नऊच्या आत," म्हणून गेले.

खोलीवर आलो. आईचा फोन. उद्या दोघे स्टेडियमला येणार, डबा काय आणू? मग म्हणाली, "आज दसरा. शस्त्रपूजा केलीस का?"
"आई, माझ्याकडे कसली शस्त्रं?"
"ते डोक्यावरचं आहे ना. मागच्या खेपेला दिलेल्या पुडीत कुंकू आहे बघ."
"उद्या मी खेळेन की नाही माहीत नाही गं."
"मग काय झालं, पूजा करायला काय जातंय?"

हेल्मेट टेबलावर ठेवलं. शेजारी बॉल. समोर पुडी उघडली. हात जोडले आणि मागायला काही सुचेना. म्हणजे सुचलं, पण दोन गोष्टी एकदम आल्या: मी खेळायला हवं, आणि उजवीकडे ओगाता-सान हवेत. दुसरी आता मिळणार नाही, आणि ती मीच घालवली. पहिलीची मला भूक लागल्यासारखी गरज आहे. देवासमोर उभं राहूनही ती कमी झाली नाही.

कुंकू लावलं. बोट जरा जास्तच टेकलं, हेल्मेटच्या पांढऱ्यावर फराटा उठलाय. पुसायला गेलो तर पसरला. तसाच ठेवलाय. उद्या पहाटेची गाडी आहे, बॅग भरून ठेवतो.