पुण्याचे मासे आणि तळ्याचा पंप

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
उद्यान विभाग, दुसरा मजला.

विषय : तळ्यातील पंप कायमचा बंद करून मला कामावरून दूर करण्याच्या नोटिशीस सक्त हरकत.
संदर्भ : आपली नोटीस, सोमवारी माझ्या छत्रीच्या मुठीला सुतळीने बांधलेली सापडली.

महोदय,

१. मी बागेतल्या तळ्याचा राखणदार, एकोणीस वर्षे. निसर्गसाधना मंडळाच्या तक्रारीवरून माझ्यावर दोन ठपके आहेत : साधकांच्या भावना दुखावल्या, आणि मासे मारले. पहिला मला मान्य आहे.

२. साधक दर रविवारी बाजारातून जिवंत मासे आणून तळ्यात सोडतात. जीव मुक्त केला की पुण्य लागते, ही त्यांची श्रद्धा. श्रद्धेला माझी ना नाही. पण तळे शंभर पावलांचे आणि पुण्य येते टपाच्या टपांनी. इतक्या जिवांना श्वास पुरावा म्हणून पाण्यात हवा सोडणारा पंप आहे. तो घरघरतो, ध्यान मोडते, म्हणून आपल्याच तोंडी हुकमाने तो रोज सकाळी सहा ते अकरा बंद असतो. तेवढा वेळ साधक काठावर डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात आणि मासे वर येऊन तोंडे वासतात. मंडळाच्या ताई साधकांना म्हणाल्या, "बघा, मासेही आपल्याबरोबर प्रार्थना करतायत." त्यावर मी जे बोललो ते नोटिशीत जसेच्या तसे आहे. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

३. अकरानंतर मेलेले मासे मी जाळीने काढतो. त्याचा फोटो मंडळाने पुरावा म्हणून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकले होते. येथे संन्यासीच फिर्यादी झाले आहेत. शिवाय बाजारातला मासेवाला माझा सख्खा मेहुणा. त्याचा रविवारचा धंदा माझ्या तोंडामुळे बुडेल म्हणून घरात अबोला आहे. हे आपल्या अखत्यारीत नाही, तरी नोंद व्हावी.

४. मी देव न मानणारा नाही. माझ्याआधी माझी आई या तळ्यावर होती. पाण्यात पाय घालण्यापूर्वी ती हात जोडून त्याची क्षमा मागे, मग कंबरभर पाण्यात उतरून शेवाळ काढी. नुसती क्षमा मागून घरी गेलेली मी तिला कधी पाहिली नाही.

५. तरी पंप अहोरात्र चालू ठेवावा आणि मासे सोडणे थांबवावे. जमत नसेल तर नोटिशीप्रमाणे उद्या, शनिवारी, मी पंपखोलीची किल्ली देईन. रविवारी जाळी घेऊन आपला माणूस उभा करावा. मोठी जाळी लागेल.

६. गेल्या रविवारी आपणही सहकुटुंब आला होतात. मातोश्री आजारातून उठल्या म्हणून आपल्या धाकट्या मुलीने शेपटी फाटलेला एक मासा दोन्ही हातांनी सोडला आणि मला म्हणाली, "काका, याच्याकडे लक्ष ठेवा हं." मी ठेवले. आज सकाळी पावणेअकरापर्यंत तो तोंड वासून माझ्यापुढे होता. पंपाचे बटण चार पावलांवर होते. आपला हुकूम मोडायची माझी हिंमत झाली नाही. त्याची मला लाज वाटते. तिला काय सांगायचे ते आपण ठरवावे.

आपला, अजून एक दिवस नम्र,
(सही)
तळ्याचा राखणदार
दिनांक : १४ मे, शुक्रवार

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. शेपटी फाटलेला मासा, डब्यात, बर्फावर. पोच मिळावी.