पहिला सिलिंडर कुठून मोजायचा

सोमवार, ३ मार्च. सकाळ.
आजपासून क्रोध बंद. निर्णय पूर्ण शांतपणे घेतला. गजराचं घड्याळ भिंतीवर आपटलं ते निर्णयाच्या आधी, त्यामुळे ते यात धरत नाही.
मूळ स्वभाव सात्त्विक आहे माझा. वस्तू तामसी निघतात, त्याला मी काय करणार?

सोमवार, संध्याकाळ.
बाबांच्या जुन्या जीपचा निकाल आज आईने लावला. बाबा गेल्यापासून जीप आमच्या पोर्चमध्ये उभी आहे आणि दादा दर भेटीत तिच्या बॉनेटवरून हात फिरवतो. तो हात माझ्या डोक्यात जातो. जीप हल्ली चढावर खोकते, आचके देते. आई म्हणाली, तुमची भांडणं ऐकून कान किटले माझे. येत्या रविवारी ज्याच्या हातून नीट सुरू होईल त्याची जीप. पहिली पाळी धाकट्याची, नाही जमलं तर थोरल्याची. त्यानंतर माझ्यासमोर विषय काढलात तर मीच ती विहिरीत ढकलीन.
दादाने फोनवर कबूल केलं. वर म्हणाला, छोट्या, नुसते प्लग बदल. बाकी कशाला हात लावू नकोस.
छोट्या म्हणजे मी. वय बावन्न.
नुसते प्लग म्हणाला ना? मग वायरीसुद्धा बदलणार.

मंगळवार, ४ मार्च.
प्लग आणले, वायरी आणल्या. विषय सोपा आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाला एक प्लग, प्रत्येक प्लगला एक वायर. चारही वायरी एका काळ्या टोपीत जातात, तिचं नाव डिस्ट्रिब्युटर. शिवाय एक मधली वायर, जिच्यातून टोपीला मुळात वीज येते. ती नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. अद्वैतच म्हणायचं. एक तासाचं काम.
ही म्हणाली, एक वायर काढा, तिच्या जागी नवी लावा, मग दुसरी काढा. म्हणजे घोटाळा नको. मी प्रेमाने समजावलं की स्वेटर विणणं वेगळं आणि यंत्रशास्त्र वेगळं. ती म्हणाली, मी जन्मात स्वेटर विणलेला नाही. मुद्दा तो नव्हताच.
पाचही वायरी एकदम उपटल्या. इंजिन किती मोकळं दिसतं. जुन्या वायरी मागच्या पत्र्याच्या पेटीत टाकल्या. कचरा, पण बाबांच्या हातचा.

बुधवार, ५ मार्च.
तीन प्लग मुकाट्याने निघाले. शेवटचा, ड्रायव्हरकडचा, गंजून बसलेला. शास्त्राप्रमाणे गेलो. आधी साम: तेल सोडलं, गोड बोललो. मग दाम: नवा प्लगपाना आणला. भेद कोणात पाडणार? बाकीचे तिघे केव्हाच फुटून बाहेर आले होते. उरला दंड. तो पोर्चच्या कोपऱ्यात होता, नळाचा जुना पाइप. पान्यावर चढवला आणि वजन टाकलं.
प्लगचं पांढरं डोकं फुटून कपाळाला लागलं. पाना निसटला, मी इंजिनावर, पंख्याचं पातं हाताच्या कातडीत. रक्त बरंच आलं. मी रागावलो नाही. हातोडा आणून उरलेल्या प्लगला फक्त परिणामांची कल्पना दिली. पंधरावीस वेळा. मग निघाला.
आईने आतून विचारलं, कोणाला मारतोयस? म्हटलं, कोणाला नाही, दुरुस्ती चालू आहे. ती म्हणाली, तुझ्या बाबांची दुरुस्ती कधी ऐकू यायची नाही.

गुरुवार, ६ मार्च.
नवे चार प्लग बसले. वायरीत वीज येते का पाहायचं होतं. शेजारी आले. निवृत्त माणूस, दिवसभर कुंपणापाशी उभा. आम्ही त्यांना सूचनाकाका म्हणतो. सूचना अशी की वायरीचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरा, ठिणगी उडते. हिला चावी फिरवायला सांगितली. टोक धरलं. ठिणगी माझ्यातून गेली.
हात आपोआप उडाला आणि उलटा सूचनाकाकांच्या तोंडावर बसला. चष्म्याचे दोन तुकडे. नाकातून रक्त. यात माझी इच्छा मुळीच नव्हती. नंतर बरं वाटलं, हे मात्र खरं.
ते म्हणाले, मी पोलिसांत जाईन. मी म्हटलं, अवश्य जा, जाताना सूचना मात्र करू नका. हिने त्यांना बर्फ दिला. मला दिला नाही.

शुक्रवार, ७ मार्च.
एक तात्त्विक प्रश्न उभा राहिला आहे. ठिणग्यांचा क्रम ठरलेला असतो: एक, तीन, चार, दोन. टोपीवर एकचा आकडा कोरलाय आणि फिरण्याचा बाणही. पण इंजिनावर आकडे नाहीत. मग पहिला सिलिंडर कुठला? पुढचा, रेडिएटरकडचा? की मागचा, ड्रायव्हरकडचा?
चिंतन केलं. गाडीत मुख्य कोण? चालवणारा. मानाची पंगत यजमानापासून मोजतात, दारापासून नाही. तेव्हा पहिला म्हणजे ड्रायव्हरजवळचा. वायरी त्याप्रमाणे लावल्या.
एवढ्यात दादाचा फोन. दादा दातांचा डॉक्टर. माझा समोरचा एक दात लहानपणी त्यानेच ठोसा मारून पाडला आणि मोठेपणी त्यानेच खोटा बसवला. तो याला उपकार म्हणतो. मी याला गिऱ्हाईक तयार करणं म्हणतो. म्हणाला, सगळ्या वायरी काढल्यास असं ऐकतो (ही फितूर आहे). लक्षात ठेव, रेडिएटरकडचा पहिला.
माझाही क्षणभर तोच विचार झाला होता. आता तो शक्य नाही.
मोबाइल पोर्चच्या खांबाला लागला. खांब ठीक आहे.

शनिवार, ८ मार्च. सकाळ.
चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि बॉनेटखाली तोफ उडाली. कार्बोरेटरमधून हातभर जाळ. सूचनाकाका कुंपणामागे आडवे झाले. मी वाकून बघायला गेलो तेव्हा दुसरा बार. डावी भुवई गेली.
प्रगती आहे. काल आवाजही नव्हता.

शनिवार, दुपार.
सात बार. एअर फिल्टरचं झाकण उडून शेजारच्या कुंडीत. कुंडी त्यांचीच असल्यामुळे शोक नाही. शेवटी जीपशी दोन शब्द बोललो आणि उजव्या पायाने समजावलं. हेडलाइट फुटला. अंगठाही बहुधा. पाना फेकला नाही. तो हातातून त्याच्या इच्छेने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेला.
काच हिच्या पायापाशी पडली. तिने केरसुणी आणली, काच गोळा केली, आणि घरातलं फुटण्याजोगं सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं. माझ्या खोलीत आता खाट, ही रोजनिशी आणि टेबलफॅन. फॅन कपाटात मावला नाही.
हिचा गैरसमज झालेला दिसतो. पाच दिवस मी एकदाही रागावलेलो नाही.

रविवार, ९ मार्च.
निकालाचा दिवस. अंगठा भोपळ्याएवढा.
दादा सकाळीच आला. जीपच्या हेडलाइटकडे बघितलं, माझ्या भुवईकडे बघितलं, आणि आईला विचारलं, दोघांतलं कोण जिंकतंय? आई खुर्ची टाकून पोर्चमध्ये बसली होती. तिला हसू आलं. हे नमूद करून ठेवतो.
माझी पाळी. चावी फिरवली. बार. पुन्हा फिरवली. दोन बार. दादा म्हणाला, थांब, पेटवून देशील सगळ्यांना, बघू दे. इंजिनावर वाकला, एका हाताने बॉनेटखालची पत्र्याची कड धरली, वायरींवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, मागून मोजलंस. मी यजमानाचा सिद्धांत सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला, रुग्णाचं ऐकतात तसा. मग म्हणाला, छोट्या, मागून मोजलं की तू पहिला येतोस, म्हणून का?
बॉनेट मी उतरून वर धरलेलं होतं. ते पडलं. मी पाडलं नाही, मी फक्त धरणं थांबवलं.
त्याची उजव्या हाताची दोन बोटं त्यात होती. यानंतर आम्ही चर्चा केली. चर्चेत दादाचा सदरा फाटला, माझं डोकं मडगार्डवर दोनदा गेलं, त्याने मला गुडघ्याखाली घेतलं, मी त्याच्या दंडाचा चावा घेतला, त्याने डाव्या हाताचा ठोसा दिला आणि खोटा दात पुन्हा बाहेर आला. साठी उलटूनही त्याचा नेम तोच आहे.
आग विझवायला ठेवलेली बादली आईने आमच्यावर ओतली. म्हणाली, एकाला बासष्ट वर्षं बघतेय आणि दुसऱ्याला बावन्न, दोघांचीही दहाच्या पुढे वाढ नाही. 
दादा पायरीवर बोटं धरून बसला. मी शेजारच्या पायरीवर, तोंडात रुमाल. दोघांकडूनही काही होण्यासारखं नव्हतं. दादाने हिला सांगितलं, टोपीतली एकची चारला लाव, दोनची तीनला. तिने चार वायरी बदलल्या, ओल्या जमिनीवरून चालत जाऊन चावी फिरवली.
जीप सुरू झाली. बाबांच्या वेळी व्हायची तशी. खोकला नाही, आचका नाही.
मग दादा म्हणाला, माझ्या सांगण्याने झाली. मी म्हटलं (दात नसल्यामुळे अस्पष्ट), प्लग माझे, वायरी माझ्या. आई म्हणाली, मी हात म्हणाले होते. हात हिचे. जीप हिची.
मला हसू फुटलं. घरातच राहिली म्हणजे.
ही जीप बंद करून उतरली, हात पुसले आणि म्हणाली, मग मी ती दादांना दिली. घरात एक तरी वस्तू कमी असू दे, जिला हे मारतील.

सोमवार, १० मार्च.
दादाची दोन बोटं मोडली आहेत. प्लास्टर. महिनाभर त्याला ना दात काढता येणार, ना गाडी चालवता येणार. तेव्हा जीप त्याच्या घरी पोचवायची कोणी? आई म्हणाली, ज्याने धरणं थांबवलं त्याने.
दादा शेजारच्या सीटवर. सगळा घाट त्याने गिअर सांगितले. जीप एकदाही खोकली नाही. चढावर मी काही क्षण आनंदात होतो, मग आठवलं.
उतरताना म्हणाला, बोटं बरी झाली की ये, दात बसवून देतो. मी थँक्यू म्हटलं. मनात क्षमा होती. तो आत गेला तेव्हा बॉनेट उघडलं, मधली वायर काढली आणि खिशात घातली.
बसने परत आलो. सगळी वाट उभा, पण मन भरलेलं. आता त्याची जीप म्हणजे ओट्यावरची मूर्ती. वाजणार नाही, हलणार नाही. यात हिंसा कुठेच नाही. नुसती एक वायर.

मंगळवार, ११ मार्च.
सकाळपासून प्रसन्न. वायर उशाशी ठेवून झोपलो होतो. गुंडाळी करून छान हातात बसते.
अकरा वाजता हिच्या मोबाइलवर दादाचा फोन. हिने मला दिला. म्हणाला, छोट्या, रात्री कोणीतरी मधली वायर पळवली वाटतं. काळजी करू नकोस. मागच्या पेटीत तू जुन्या टाकल्या होत्यास ना, त्यातली लावून घेतली शेजाऱ्याकडून. एका सेल्फला सुरू. मस्त चालते. जुन्या वायरींना काहीच झालेलं नव्हतं रे. कशाला बदलल्यास?
त्याला काही ठाऊक नाही. खरंच विचारत होता. वर म्हणाला, आता चाललोय फिरायला, शेजारी चालवतोय, आईला सांग.
मोबाइल हिला नीट परत केला. खोलीत आलो. दार लावलं. वायर हातात होती.
समोर टेबलफॅन होता.