लीनाच्या बोटाचा सांधा

खिदिरपूर, कलकत्ता
४ मार्च १९७९

ती. विमलताईस, विनायकचा सा. न. वि. वि.

ताई, तुला नि मला एकाच गोष्टीची चीड आहे. डॉक्टरने नकारार्थी मान हलवली की आपलं घर गप्प बसतं. बाबांचा हात असाच कायमचा अधू झाला. तुझ्या लेकीच्या बाबतीत मी गप्प बसणार नाही! वर्कशॉपच्या यंत्रात चिरडलेली लीनाची उजवी तर्जनी वाकत नाही. माझ्याकडे राहून नकाशे काढायला शिकणारी वर्गातली ती एकटी मुलगी, आणि हातातलं पेन घसरतं. पण इथे एक सर्जन भेटले. पायाच्या दुसऱ्या बोटातला जिवंत सांधा रक्तवाहिन्यांसकट काढून हाताच्या बोटात बसवणार! मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने! ऐकून मी खुर्चीवरून उठलोच. ती सतरा वर्षांची, म्हणून आईची सही हवी. फॉर्म सोबत आहे.

लेकीइतकीच माया भावावरही असू दे.

विनायक


सोलापूर
१० मार्च

चि. विनायक यास अनेक आशीर्वाद.

गोदीच्या युनियनपुढे बोलतोस तसंच लिहिलं आहेस. पण बाबा रे, पायाचं दुसरं बोट म्हणजे जोडव्याचं बोट. तेच कापलं तर उद्या लग्नात जोडवी घालायची कुठे? लीनाचे वडील गेले, माझी जोडवी उतरली. तिची तरी घातलेली बघू दे. मी सही करत नाही. रागावू नकोस, जेवत जा वेळेवर.

तुझी ताई


खिदिरपूर
१५ मार्च

ती. ताईस सा. न.

बोट कापत नाहीत गं! ते पायावरच राहतं, थोडं आखूड आणि ताठ. सर्जन बंगाली, त्यांना जोडवं ठाऊक नाही. शेवटी चप्पल काढून माझाच पाय दाखवला. हसले, म्हणाले, जोडवं बसेल. एक मात्र लपवत नाही. रक्त गोठलं तर सांधा मरेल, आणि नुकसान हाताचं नि पायाचंही. लीनाला हे सांगितलं. ती म्हणाली, मामा, पायाचं बोट बुटात असतं, हाताचं सगळ्या जगासमोर. शस्त्रक्रिया २८ तारखेला आहे. उशीर करू नकोस, ताई!

तुझा विनायक


सोलापूर
२१ मार्च

चि. विनायक यास आशीर्वाद.

काल तर्जनीला काडी बांधून दिवसभर घरकाम केलं. पोळी लाटता येईना, सुईत दोरा जाईना, वेणी घालताना रडू आलं. एका दिवसात एवढं, आणि पोर पाच महिने तशीच आहे! काडी सोडली आणि सही केली. भीती वाटते, फार वाटते. लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू. तुझं भाषण आता पुरे. फॉर्म हाती पडताच, चहासुद्धा न घेता, थेट जाऊन सर्जनच्या हातात दे.

विमल