खरी जागा टाकावी

३ मार्च, सकाळी ७.१०
कामाला लागलो. आमच्या गळ टाकणाऱ्यांच्या ग्रुपसाठी ॲप. नाव : ‘कुठं लागतो’. मासा जिथे लागतो तिथे ज्याने त्याने नकाशावर पिन लावायची, बाकीच्यांनी बघून जायचं. कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं तरी ॲप करता येतं, हे ताईला कळेल. खरा फायदा मामाला. गुडघा गेलाय त्याचा, काठाकाठाने जागा शोधत फिरणं होत नाही.

९ मार्च
नियम लिहिले. एकूण अकरा. नियम क्र. १ : खरी जागा टाकावी. शुद्धलेखन तीनदा तपासलं. ताई म्हणाली, गळवाले आणि खरं? ते तर बायकोलाही भलताच काठ सांगून निघतात. तिला माणसांची पारख नाही.

१५ मार्च, दुपारी
ॲप सुरू. सदस्य चार : मी, मामा, पोस्टमनकाका, कंपाउंडर. पहिली पिन ॲडमिनची. माझी जागा म्हणजे जुन्या पुलाखालचा डोह. बोट तिथवर नेलं आणि सुरक्षेचा विचार मनात आला. चाचणी संपेपर्यंत ती दीड किलोमीटर पलीकडे, रंगाच्या कारखान्यामागे ठेवली आहे. हे खोटं नव्हे. तात्पुरती सेटिंग.

२२ मार्च, रविवार
पोस्टमनकाकांच्या पिनवर गेलो. तिथे ट्रक धुतात. चार तास गळ टाकून बसलो. एकाने विचारलं, तुमचा ट्रक कुठाय? काकांना फोन केला तर म्हणतात, अरे लेका, माझं बोट जाड, पिन सरकली असेल.

२३ मार्च
कंपाउंडरची पिन : शाळेचं मैदान. म्हणाला, पावसात छान साचतं तिथे, जरा धीर धर की! ज्यांच्यासाठी डोळे फोडून काम केलं, त्यांनीच केसाने गळा कापला. नियम क्र. १ लाल रंगात केला.

२९ मार्च, रविवार
शेवटची आशा, मामाची पिन. अर्ध्या तासात तीन. चांगले हातभर! म्हणजे मामाने खरी जागा टाकली. भरून आलं. ग्रुपवर लगेच फोटो टाकला, खाली लिहिलं : प्रामाणिकपणा याला म्हणतात. माझी पिन आजच दुरुस्त करणार होतो, पण हात ओले होते.

५ एप्रिल, रविवार
मामाच्या जागेवर पोस्टमनकाका, कंपाउंडर आणि कंपाउंडरचे दोन मेहुणे पहाटेपासून ठाण मांडून. मामाच्या सपाट दगडावर मोठा मेहुणा. कशाची म्हणून लाज नाही! मीही होतो, पण देखरेखीला. चार लागले. मामा आला, हसला, बसा रे बसा म्हणाला, आणि फोनमध्ये बघत, काठी टेकत निघून गेला. कुठे चाललास, हे विचारणार होतो, तेवढ्यात गळ ओढला गेला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.३०
चारांतला एक, लहानसा, मामाला द्यायला गेलो. मामा ओसरीत गुडघा शेकत बसला होता. पायजमा पोटरीपर्यंत निळा. म्हणाला, तुझ्या पिनवर गेलो होतो रे, दिवसभर बसलो. एक नाही लागला. पाण्याला जरा वास येतो. पण तू टाकलीयस म्हणजे लागतच असणार, मलाच नेमकी जागा सापडली नाही. पुढच्या रविवारी तू सोबत चल, कुठे बसतोस ते दाखव.

बरं म्हणालो.

घरी येऊन नियम क्र. १ परत काळा केला. लाल रंग डोळ्यांना खुपतो.